नोव्हेंबरातली रांग

दर नोव्हेंबरात आम्ही दोघं
जिवंत आहोत असं सांगायला बँकेत जातो,
सेक्टर नऊमधून रिक्षा करून.
आई शहाण्णव, मी एकाहत्तर.
ज्येष्ठांची खिडकी एकच,
म्हणून मी आईच्या मागे उभा राहतो.
शाळेत नाव घालायला नेलं होतं तिनं, तसाच;
फक्त गुडघा माझा दुखतो, तिचा नाही.

यंत्र तिचं बोट ओळखत नाही.
अंगठा. तर्जनी. पुन्हा अंगठा.
राखेनं भांडी घासून घासून
रेषा केव्हाच निघून गेल्या.
काउंटरवरची मुलगी म्हणते,
आजी, पुढच्या वेळी हाताला जरा तेल लावून या.
पुढच्या वेळी, म्हणते ती. किती सहज.
मग डोळा.
यंत्र थोडा वेळ विचार करतं
आणि हिरवं होतं.

बाबांनी पोस्टात एकोणतीस वर्षं काढली.
आई त्यांचं पेन्शन सदतीस वर्षं घेते आहे.
"फिटतंय हळूहळू," म्हणते.
कुणाचं कुणावर होतं, ते मी विचारलेलं नाही.

आमची इमारत चाळिशीची.
ऑडिटवाल्यानं ती धोकादायक ठरवली,
खांबांवर लाल रंगानं आकडे घातले.
सोसायटीच्या सभेत बिल्डरचा माणूस म्हणाला,
पाच वर्षांत ताबा.
कुणी न ठरवता सगळ्यांनी आईकडे पाहिलं.
आईनं विचारलं, लिफ्ट किती माणसांची?

सुजय खारघरला भाड्यानं राहतो. चव्वेचाळीस.
रविवारी येतो, आजीचा बीपी बघतो, मग माझा.
भिंतींकडे बघत नाही.
त्याचं ते न बघणं मला ऐकू येतं.
त्याला कसं सांगू,
की घर अजून आजीच्या नावावर आहे,
मीसुद्धा अजून वारसच आहे,
त्याच्या एक नंबर पुढे,
आणि ही रांग सरकू नये असं मला मनापासून वाटतं,
रात्री तीनला तिला उठवून बाथरूमला नेतो
तेवढी दहा मिनिटं सोडून.

दिवसा यल्लव्वा असते.
तुर्भ्याच्या खाणीकडून येते,
ठाणे-बेलापूर रस्ता पायी ओलांडून.
आधारवर तिचा जन्म एक जानेवारीचा,
वर्ष कुणीतरी अंदाजानं टाकलेलं.
असेल पन्नाशीची.
घरी आलेले पाहुणे तिला माझ्याहून मोठी समजतात.
बाप दगडाच्या धुळीनं गेला त्रेचाळिसाव्या वर्षी,
नवरा त्याच्याही आधी.
एकदा पाय चेपता चेपता तिनं विचारलं,
"काय खाल्लं ओ आजी, येवढं टिकाया?"
आई खरंच आठवायला लागली.
नाचणी, म्हणाली. ताक. रात्री कमीच.
यल्लव्वा म्हणाली, "रात्री कमीच तर आमी बी."
मी उठून गॅलरीत गेलो.
तिथून टेकडी दिसते,
अर्धी खाल्लेली.

आज तीही आमच्याबरोबर आली.
तिचं निराधारचं खातं गोठलंय, केवायसीपायी.
आमच्या दोन पावत्या माझ्या खिशात आल्यावर
तिनं पदराला बोट पुसून यंत्रावर ठेवलं.
अंगठा. तर्जनी.
दुसऱ्या हाताचा अंगठा.
लाल.
मुलीनं तेलाचं काही सांगितलं नाही.
म्हणाली, डोळ्याचं मशीन पेन्शनरांसाठी आहे,
तुम्हाला ठाण्याला, तहसीलला जावं लागेल.
यल्लव्वा म्हणाली, पुन्हा एकदा बघा की.

मागे रांग कुरकुरायला लागली.
सगळे सत्तरीचे, ऐंशीचे,
सगळ्यांना घरी जायची घाई.
आई खुर्चीचे हात धरून उठली,
वेळ लागला, पण उठली,
आणि यल्लव्वाला म्हणाली,
"बस तू. चोळ जरा बोट.
मला कुठं घाई आहे?"